दारापुढचा कालवा

माझा मुहाब ऑटिस्टिक. नऊ वर्षांचा, बोलत नाही, पण ठरलेला नेम मोडत नाही. दमनहूरच्या पोहण्याच्या तलावात तिथल्या शिक्षिका कॅप्टन इन्साफनी त्याला वर्षभर एकच गोष्ट शिकवली: शिट्टी वाजली की उताणं व्हायचं, तरंगत राहायचं. आज त्यांनी त्याला रोजच्या लांब झग्यासकट खोल पाण्यात उतरवलं आणि शिट्टी माझ्या हाती दिली. “वाजवू नका, मुहाबच्या आई.” “अहो, शिट्टीची वाट बघतोय तो. बुडेल.” “चूक माझीच, शिट्टीची सवय मी लावली. तुमच्या दारापुढचा कालवा शिट्टी वाजवून बुडवतो का?” झगा फुगला, मग जड झाला. पाणी मुहाबच्या हनुवटीला लागलं. कॅप्टन हातभर अंतरावर ओठ मिटून उभ्या होत्या. मी शिट्टी तोंडाशी नेली. तेवढ्यात त्यानं ओठांचा चंबू केला, स्वतःच बारीक शीळ घातली आणि उताणा होऊन तरंगला. “शिट्टी आता ठेवून द्या,” कॅप्टन म्हणाल्या. “त्याच्याकडे स्वतःची आहे.”