मंत्र्यांचा दम

वीजकेंद्राच्या राखेने करड्या पडलेल्या गावात दम्याच्या नव्या कक्षाची फीत कापून मंत्री भाषणाला उभे राहिले. "इथली हवा शुद्धच आहे," म्हणता म्हणता त्यांना खोकल्याची उबळ आली आणि श्वास कोंडला.

"सिस्टर, वाफेचं मशीन आणा!" जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी ओरडले.

"फोटो निघाल्याबरोबर तुम्हीच ते परत पाठवलंत, साहेब. भाड्याचं होतं ना!" मेश्राम सिस्टर म्हणाल्या.

मंत्र्यांना घाईघाईने शहरात हलवलं.

आठवड्याने साहेबांचा फोन आला. "सिस्टर, तुमच्या गावच्या हवेची सरकारने गंभीर दखल घेतलीय."

सिस्टरांना हायसं वाटलं. समोर धापा टाकत बसलेल्या यमुनाबाईंचा हात त्यांनी आनंदाने दाबला. "म्हणजे राख उडायची थांबणार, साहेब?"

"छे हो! तुमच्याकडचे मंत्र्यांचे दौरे थांबणार."