आईचं मत

दाराच्या फटीतून टपाल टप्पकन पडलं आणि दुपारची शांतता मोडली. पाकिटात आश्लेषाचं मतदार कार्ड होतं. अमेरिकेची नागरिक झाल्यावर ती ड्रायव्हिंग लायसन्स रिन्यू करायला गेली. तिथंच मतदार नोंदणीचंही विचारायचा नियम, पण खिडकीतल्या बाईनं नुसता परका चेहरा बघून तिला ते विचारलंच नव्हतं. आश्लेषानं तक्रार ठोकली, वरून तपासणी आली, आणि आता तिथं प्रत्येकाला विचारावंच लागतं.

"आई, व्हॉट्स दॅट?" पाच वर्षांची वल्लरी मांडीवर चढली.

"मत द्यायचं कार्ड गं, माझं."

"मत म्हणजे व्हॉट यू थिंक, ना?"

"हो गं बाई. आता मलाही विचारणार!"

"पण बाबा तर म्हणतो, 'त्यात आईला काय विचारायचंय?' मग आता बाबालासुद्धा तुला विचारावंच लागणार?"