बाईसाहेबांची गादी

टेलर येरझारा घालत होता. जनावरांच्या डॉक्टरांची तपासायची खोली ती केवढी. चार पावलं टाकली की भिंत, वळलं की पुन्हा टेबल.

"अहो, बसा ना जरा," बायको म्हणाली. "तुमच्या पायाला भिंगरी लागली म्हणून तिचं वजन वाढणार आहे का?"

टेबलावर बाईसाहेब होत्या. म्हणजे लेकीने पाळलेली पाल, पिवळी, अंगभर काळे ठिपके. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तेव्हा तिने ती बापाच्या हवाली केली होती. त्या वेळी बाईसाहेबांची शेपूट अंगठ्यापेक्षा जाड होती. या जातीची सगळी चरबी शेपटीतच साठते. आता ती पेन्सिलीएवढी उरली होती. वजनकाट्यावर टेलरचा विश्वास नव्हता. तो रोज टेप लावून शेपटीचा घेर घ्यायचा, आणि वापरून वापरून टेपच सैल पडली असेल, अशी रोज स्वतःची समजूत घालायचा. खरी पाल डोळ्यांदेखत वाळत चालली होती, पण शंकेची पाल काही त्याच्या मनात चुकचुकली नाही.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या बाहीला एक दोरा लोंबत होता. टेलरची नजर आल्या आल्या तिथेच गेली होती.

"खायला काय देता?"

"जिवंत किडे. आधी मिटक्या मारत खायची. आता तोंड फिरवते."

"उबेची सोय?"

"खोक्याखाली गरम पॅड आहे. मी हात लावून बघतो ना, इस्त्री बघतो तसा."

"आणि खाली अंथरायला?"

टेलर जागीच थबकला.

"सांगा की," बायको म्हणाली. "आता कसली लाज?"

लेकीने जाताना बजावलं होतं, खाली फक्त साधा कागद. पण जिवंत प्राण्याला कागदावर झोपवायचं म्हणजे टेलरला कसंसंच झालं होतं. त्याने पिशवीतून गादी काढली. तळहाताएवढी, आत पिंजलेला कापूस, वर मऊ फ्लॅनेल, चारी बाजूंनी लाल दोऱ्याचे टाके.

"हातशिलाई आहे," तो म्हणाला. एवढ्या काळजीतही त्याला ते सांगावंसं वाटलं.

डॉक्टरांनी गादी उलटून पाहिली. एका बाजूची शिवण उसवली होती. टाक्यांची भोकं होती, दोरा नव्हता. मग त्यांनी बाईसाहेबांची शेपूट हलकेच उचलली. खाली लाल दोऱ्याचं टोक बाहेर आलेलं होतं.

"किडा गादीवर बसला असेल," डॉक्टर म्हणाल्या. "हिने किड्याबरोबर टाकाही ओढला, आणि मग गिळतच गेली."

सुटलेला दोरा दिसला की टेलरचा हात डोक्याला न विचारताच पुढे जातो. आत्ताही गेला.

"हात लावू नका!" डॉक्टर ओरडल्याच. "ओढलात तर आतड्याच्या चुण्या होतील. फाटेल ते."

चुण्या म्हणजे काय हे टेलरला कुणी सांगायची गरज नव्हती. एक दोरा ओढायचा, सगळं कापड त्याच्यावर गोळा होतं. हात मागे घेऊन तो भिंतीला टेकला.

डॉक्टरांनी बाईसाहेबांना कोमट पाण्यात बसवलं, तोंडात तेलाचा थेंब सोडला. "आता वाट बघायची. दोरा आपणहून आला तर आला. नाही तर पोट उघडावं लागेल, आणि एवढ्या अशक्त जिवाचं मी काही सांगू शकत नाही."

टेलरच्या येरझारा पुन्हा सुरू झाल्या.

"अति तिथे माती," बायको हळूच म्हणाली. "पोरीने जाताना बॅगेतले जादा कपडे उपसून ठेवले, तुम्ही ते पुन्हा कोंबलेत. नको म्हटलेलं तुम्हाला कधी ऐकू आलंय?"

तेवढ्यात फोन वाजला. लेकीचाच होता. बायकोने तो न उचलता टेलरच्या हातात दिला.

"बाबा, कशी आहे ती?"

'मजेत आहे' हे उत्तर जिभेवर तयार होतं. प्रत्येक फोनला तो तेच देत आला होता. आज ते बाहेर येईना.

"मी तिला गादी शिवली," तो म्हणाला. "तिने त्यातला दोरा गिळला. खंगलीय गं ती. चूक माझी आहे."



"कागद टाका म्हटलं होतं ना मी?"

"हो गं. पण नुसत्या कागदावर कसं..."

"तिला कागदच आवडतो, बाबा."

ती चिडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

डॉक्टरांनी ट्रेमध्ये कोरा कागद पसरला आणि बाईसाहेबांना पुसून त्यावर ठेवलं. त्या एकदा गोल फिरल्या, हनुवटी टेकली आणि डोळे मिटून घेतले.

"आत्ता कशावर आहे?" लेकीने विचारलं.

"कागदावर."

"झोपली?"

टेलरने वाकून पाहिलं. "झोपली."

शेपटीखालचा लाल दोरा आता मघापेक्षा किंचित लांब दिसत होता. पांढऱ्या कागदावर तो स्पष्ट कळत होता. डॉक्टरही बघायला वाकल्या, आणि त्यांच्या बाहीचा दोरा अगदी टेलरच्या नाकासमोर येऊन लोंबू लागला. त्याची बोटं शिवशिवली. हात उठला. त्याने तो खिशात घातला. खिशात दोरे कापायची छोटी कात्री होती, ती मुठीत घट्ट आवळून तो उभा राहिला.

"बाबा? काय करताय?"

"काही नाही," टेलर म्हणाला. "काहीच करत नाहीये."