आपोआप गिअर

“माणसानं हातानं गिअर टाकायचा जमाना आता संपला,” असं चिंतामणी देशकरांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांची मोटार बैलजोडीला बांधून भिलाई-तीन गावातल्या गॅरेजात शिरत होती. एका जमीनदाराकडून जुनी घेतलेली ती अमेरिकन गाडी स्वतःचे गिअर स्वतःच बदलायची. कालपासून तिनं तेही सोडलं होतं.

बाबुलाल मिस्त्री गाडीखालून बाहेर आला. “गिअरबॉक्स गेला, साहेब. सामान अमेरिकेहून मागवा लागते. तेवढ्या पैशात दुसरी गाडी येते.”

“मागव. दुर्गचा प्लॉट विकतो.”

बाबुलालनं हातातला पाना खाली ठेवला. त्या प्लॉटवर घर बांधायचं म्हणून देशकरांच्या पत्नी चारुलताबाई किती वर्षांपासून वाट पाहताहेत, हे त्यांच्या अख्ख्या वसाहतीला, सेक्टर दोनला, ठाऊक होतं.

“प्लॉट कावून विकता जी? मी हिले जीपचा साधा गिअरबॉक्स बसवून देतो. क्लच दाबा, गिअर टाका, चला.”

“इथं एवढा पोलादाचा कारखाना उभा होऊन राहिला, अन् मी हातानं गिअर टाकू?”

“कारखान्याचे समदे ड्रायव्हर तेच करून राहिले, साहेब.”

देशकरांनी कारखान्याच्या दूरच्या चिमणीकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी बैलवाल्याला चहा प्यायला पाठवलं आणि बाबुलालच्या अगदी जवळ सरकले.

“बसव जीपचा. फक्त तो क्लच कोणत्या पायानं दाबतात, तेवढं सांग.”