तेलाची तूट

पुष्पाबाईंच्या जळगावच्या हॉटेलात सत्त्याण्णव साली मुलाने गल्ल्यावरचा बिलांचा कॉम्प्युटर कोठीतल्या मालाच्या हिशेबाशी जोडला. विकलेल्या थाळ्यांच्या मानाने तेल फारच संपतंय, असं पहिल्याच महिन्यात दिसलं. "आचारीच नेतोय," मुलगा म्हणाला. पुष्पाबाईंचा संताप अनावर झाला. त्यांनी जुन्या आचाऱ्याला, कौतिकला, तडकाफडकी हाकललं. पुढच्या महिन्यातही तूट तेवढीच आली. त्यांनी वेटरांना खोदून विचारलं, तेव्हा मुलाने मित्रांना दिलेल्या फुकटच्या मेजवान्या बाहेर आल्या. "दोस्तांची बिलं कोण फाडतं?" मुलगा हसला. "आणि चोर कौतिक?" त्यांनी त्याच्या हातातून किल्ल्या हिसकावल्या, त्याला गल्ल्यावरून उठवलं आणि तडक चाळीसगाव गाठलं. कौतिक तिथे हातगाडीवर भजी तळत होता. "चूक झाली, भाऊ. परत चल." "अक्का, तुम्ही मले चोर म्हनात तवय सारं हॉटेल आयकत व्हतं. आते माफी मांगाले एकल्याच आल्यात."