पुढचा धडा

शेवटचा सराव-पाठ बिघडला तर बी.एड. लटकणार, हे रागिणीला ठाऊक होतं. चार्टाऐवजी तिवस्याच्या घरच्या अंगणातलं जास्वंद आणायची युक्ती तिला स्वतःचीच वाटली होती. पण फूल पिशवीतून निघालं अन् सातवीचा वर्ग फिदीफिदी हसला. मागे निरीक्षक सर पेन सरसावून बसलेले. प्रश्न पुरा व्हायच्या आत साऱ्यांचे हात वर! पाकळ्या, पुंकेसर, परागकण, उत्तरं तोंडपाठ. फूल दाखवायला ती पहिल्या बाकाशी वाकली, तेव्हा पिंकी कुजबुजली, "भेऊ नका मॅडम. हेच फूल चार मॅडमनी शिकवलं आमाले. आमी तुमाले पास करतो. पन पुढचा धडा कोन शिकवन?" रागिणी झटकन सरळ झाली. सरांनी मान वर केली. "शाब्बास!" मोठ्यानं म्हणत तिनं फूल उंच धरलं. "सांगा मुलांनो, हे काय आहे?" पुन्हा सगळे हात वर. पहिला पिंकीचा.