आईच्या पायातला तोडा
आईला शेवटची अंघोळ घालायला आलेल्या उम्म रगबने तिच्या पायातला घुंगरांचा तोडा हलवून पाहिला. "हा काढावा लागेल, पोरी. कबरीत चांदी नेत नाहीत." माझ्या जन्मानंतर आई भिंतींशी भांडायला लागली, तेव्हा बायकांनी तीन दिवस डफ वाजवून झार, म्हणजे अंगात शिरलेल्या भुताला शांत करायचा विधी, घातला होता. झारवाली म्हणाली, "अंगातला पाहुणा जाणार नाही. हा तोडा कधी काढू नकोस, म्हणजे तो गप्प राहील." आईने तो चाळीस वर्षं काढला नाही. मी हसायचे. मलाही आवाज ऐकू यायचे, पण मी दर महिन्याला कैरोहून गोळ्या आणायचे. "माझा पाहुणा चांदीवर भागला," आई टोमणा मारायची, "तुझा मेला डबेच्या डबे खातो." गेलं वर्षभर आवाज आले नव्हते. मी बरी झाले असं समजून या रमजानच्या पहिल्या रोज्याला गोळ्या बंद केल्या, डॉक्टरांनी बजावलं होतं तरी. उम्म रगबने साबण लावून तोडा काढला. मी तो रुमालात घट्ट बांधून मुठीत धरला. दुपारी आईला नेलं, बायका गेल्या, घर रिकामं झालं. मग आतल्या खोलीतून छुमछुम ऐकू आली. एक पाऊल, मग दुसरं, आई चालायची तसंच लंगडत. मी मूठ उघडली. रुमालाची गाठ तशीच होती. रोजा सुटायला अजून दोन तास होते. "कळलं, आई," म्हणत मी गोळीसाठी पेल्यात पाणी ओतलं.